बेटावरचें बिऱ्हाड

वैशाखाचा मध्य आला, शाळांच्या परीक्षा उरकल्या आणि माजघरांत आंब्याची अढी लागली, कीं मराठी घरांत एक जुनाच प्रश्न नव्या उत्साहानें निघतो: यंदा हवापालटासाठीं कोठें जावयाचें? पालघर जिल्ह्यांत बोईसरला लागून असलेल्या सरावली गांवांतही तो निघतो. तारापूरची औद्योगिक वसाहत या गांवाच्या अगदीं शेजारीं आहे. कारखान्यांच्या पाळ्या बदलतात, मालाच्या गाड्यांची वर्दळ रात्रींही थांबत नाहीं. आणि कामावरून परतलेल्या गृहस्थानें मुलांना हा प्रश्न विचारला, तर त्यांचें उत्तर बहुधा ठरलेलें असतें. त्यांना बेट हवें असतें. चोहोंकडे पाणी, वर स्वच्छ ऊन, पायांखालीं वाळू, आणि माणसांचा किंवा मोटारींचा गलबला कोठेंही नाहीं, असें बेट. मग गृहस्थ जागा पाहूं लागतो, गृहिणी पाण्याची आणि स्वयंपाकाची चौकशी करते, आणि घरांतील वडील माणसें परतीच्या गाडीचा विचार करतात.

ही हौस नवी नाहीं आणि ही चौकशीही नवी नाहीं. सरावलीपासून दक्षिणेस मुंबईपर्यंतचा जो किनारा आहे, त्याच्या गेल्या दोनअडीचशें वर्षांच्या इतिहासांत शहरांतील माणसें पिढ्यान् पिढ्या बेटावर बिऱ्हाड शोधीत आलीं आहेत. त्यांनीं कोणतीं बेटें निवडलीं, निवडतांना काय पाहिलें, आणि त्यांच्या निवडीनंतर त्या बेटांचें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. त्या निवडी बहुतेक चुकल्या नव्हत्या. उलट त्या अचूक होत्या, आणि बेटांना त्याच भोंवल्या.

आरंभ मुंबईपासूनच केला पाहिजे; कारण मुंबई ही स्वतः सात बेटांची. १६६१ च्या विवाहाच्या करारानें ती पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे गेली, आणि १६६८ सालीं राजानें ती वर्षाला दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. त्या काळच्या मुंबईची हवा इतकी वाईट होती कीं, येथें आलेल्या युरोपियन माणसाचें आयुष्य दोन पावसाळ्यांचें, अशी म्हणच पडली होती. भरतीचें पाणी बेटांच्या मधल्या सखल भागांत शिरे, ओहोटीनंतर तेथें चिखल कुजत राही, आणि ताप वस्तींतून हटत नसे. म्हणजे ज्या काळांत मुंबई खरोखर बेटांची होती, त्या काळांत तेथें आरोग्यासाठीं जाण्याचें कोणाच्या स्वप्नींही आलें नसतें. ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणतात. बेटांचेंही तसेंच आहे.

अठराव्या शतकांत बांध घालून खाड्या बुजविण्याचें काम सुरू झालें आणि बेटें हळूहळू जोडलीं गेलीं. गांवाच्या कोटांतील गर्दीचा वीट आलेले अधिकारी मोकळी जागा शोधूं लागले. गव्हर्नरांनीं परळ पसंत केलें. तेथें पोर्तुगीज पाद्र्यांच्या जुन्या मठाचा वाडा होता. आमराई होती, तळें होतें, कोटापासून अंतर होतें. शंभराहून अधिक वर्षें तो वाडा गव्हर्नरांचें निवासस्थान होता. पण ज्या मोकळेपणासाठीं परळ निवडलें, तो मोकळेपणा इतरांनाही हवा होता. गिरण्या आल्या, गिरण्यांमागून चाळी आल्या, तळीं गढूळ झालीं. १८८२ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीच्या विकारानें वारल्या, आणि गव्हर्नरांचें बिऱ्हाड परळहून मलबार पॉइंटकडे हललें. पुढें १८९९ सालीं त्याच वाड्यांत डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. हवेसाठीं घेतलेल्या घरांत रोगावरची लस तयार होऊं लागली, यापरतें त्या जागेच्या पालटाचें दुसरें प्रमाण काय हवें?

मुंबईकरांची नजर मग माहीमच्या खाडीपलीकडे गेली. पलीकडे साष्टी होती: मुंबईपेक्षां कितीतरी मोठें, डोंगर, जंगल, भातखाचरें आणि ताडामाडांचें बेट. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाण्याचा कोट घेऊन साष्टी पोर्तुगीजांपासून जिंकली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ती घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम राहिली. राज्य एक झालें तरी मधलें पाणी होतेंच. जोनाथन डंकन गव्हर्नर असतां, एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं, शीवच्या बाजूनें बांध झाला. परंतु माहीमहून वांद्र्यास जावयाचें म्हणजे होडीशिवाय गत्यंतर नव्हतें. पावसाळ्यांत तेथें होड्या उलटत आणि माणसें बुडत. कंपनी सरकारानें खर्चाच्या नांवानें हात झटकले, तेव्हां सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनीं १,५७,००० रुपये दिले, आणि १८४५ सालीं माहीमचा बांध पुरा झाला. त्या दिवसापासून वांद्रें हें मुंबईकरांच्या टप्प्यांत आलें. बांधाचा हेतु उदात्त होता आणि त्यानें पुष्कळांचे प्राण वांचले, याविषयीं दुमत होणार नाहीं. पण बेटाच्या इतिहासांत त्या दिवसाची नोंद दोन रकान्यांत करावी लागते.

वांद्र्यास आणि त्याच्या उत्तरेस साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावर मग हवेचे बंगले उठूं लागले. १८६० नंतरच्या दशकांत बी. बी. सी. आय. रेल्वेचा मार्ग गुजराथेंतून मुंबईकडे आला; १८६४ सालीं वसईच्या खाडीवरून गाडी धांवूं लागली, आणि १८६७ सालीं विरारहून मुंबईस रोज ये-जा करणारी गाडी निघाली. श्रीमंत स्वतःचा बंगला बांधीत; मध्यम स्थितीचे लोक महिना दोन महिने जागा भाड्यानें घेत. अशी जागा पाहावयास जाणारा माणूस तीनचार गोष्टी निरखून पाहत असे, आणि त्यांतील एकही गोष्ट आज जुनी झालेली नाहीं.

पहिली गोष्ट पाण्याची. चोहोंकडे समुद्र असलेल्या जागीं विहिरीला गोडें पाणी लागतें, याचें पुष्कळांना नवल वाटतें. त्याचें कारण साधें आहे. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून सुमारें चाळिसाव्या हिश्शानें जड असतें. पावसाचें पाणी वाळूंत मुरलें, कीं तें खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतें. त्याचा थर मध्यें जाड आणि कडांना पातळ, भिंगासारखा होतो. समुद्राच्या पातळीवर हें गोडें पाणी एक हात उंच असेल, तर पातळीखालीं तें सुमारें चाळीस हात असतें. पण हा हिशेब उलटाही चालतो. वरची पातळी उपसा करून एक हात उतरविली, कीं खालून खारें पाणी चाळीस हात वर सरकण्याच्या वाटेस लागतें. म्हणून बेटावरील विहीर ही सावकाराची तिजोरी नव्हे. ती पावसानें दिलेली वर्षाची शिधासामग्री असते. वसईकडील वाड्यांत पाणी साठविण्यासाठीं ‘बावखलें’ खणून ठेवीत. पावसाचें पाणी त्यांत साठे आणि मुरे, रहाटानें शिंपण होई आणि विहिरी गोड राहत. ज्यानें जागा घेण्यापूर्वीं विहिरीचें पाणी स्वतः चाखून पाहिलें आणि तें वैशाखांतही गोड असतें कीं नाहीं हें शेजाऱ्यास विचारलें, तो शहाणा भाडेकरू.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दिवसां जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. रात्रीं जमीन लवकर निवते आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात. म्हणून बंगल्याची ओटी पश्चिमेस, निजण्याची खोली वाऱ्याच्या वाटेवर, आणि घरामागें दलदल नको, असा दंडक होता. दलदलीची घाण हवा ताप आणते अशी त्या काळीं डॉक्टरांची समजूत. ताप आणणारा डांस आहे, हवा नव्हे, हें १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस सिद्ध करून दाखविलें. तोंपर्यंत लोकांचें कारण चुकीचें होतें, पण निवड मात्र बरोबर होती. कारण जेथें वारा वाहता असतो आणि पाणी साचलेलें नसतें, तेथें डांसही टिकत नाहीं.

तिसरी गोष्ट वाटेची, आणि चौथी चुलीची. ओहोटीला कोठवर चालत जातां येतें, भरतीला होडी कोठें लागते, रात्रीं मूल आजारी पडलें तर डॉक्टर किती अंतरावर आहे, हें विचारल्यावांचून संसारी माणूस ट्रंका बांधीत नसे. आणि भाजी, दूध, तांदूळ बेटावर मिळतें कीं बरोबर न्यावें लागतें, हा प्रश्न गृहिणीचा. कोळणीकडून ताजी मासळी मिळे, माडीवाल्याकडून नीरा मिळे. बाकीच्या वाणसामानाचें गांठोडें बहुधा मुंबईहूनच जाई.

या सर्व कसोट्यांस उतरलेलें बेट म्हणजे जुहू. आज ज्यास जुहूचा किनारा म्हणतात, तो एकोणिसाव्या शतकांत साष्टीच्या पश्चिमेस, भरतीच्या पाण्यानें तुटलेला, वाळूचा लांबट अरुंद पट्टा होता. समुद्रापासून त्याची उंची पुरुषभरही नव्हती. ओहोटीला मधली खाडी पायीं ओलांडून तेथें जातां येई. उत्तरेकडे भंडारी, आगरी आणि कुणबी यांची लहानशी वस्ती, दक्षिणेस कोळीवाडा, आणि मध्यें माडांच्या सावलीपलीकडे नुसती वाळू.

या वाळूची किंमत प्रथम ज्यांनीं ओळखली, त्यांत जमशेटजी टाटा हे होत. १८९० नंतरच्या दशकांत त्यांनीं जुहूस जमीन घेतली आणि स्वतःसाठीं बंगला बांधला. त्यांचा विचार एका बंगल्यापुरता नव्हता. जुहू-तारा येथें एकएक एकराचे पांचशें तुकडे पाडून समुद्राकांठची एक आखीव वसाहत आणि विश्रामस्थान उभारावें, आणि माहीमचा बांध सांताक्रुझपर्यंत वाढवून तेथपर्यंत चांगला रस्ता न्यावा, अशी त्यांची योजना होती. १८९६ च्या प्लेगनें मुंबईची दाट वस्ती किती घातक आहे हें दाखवून दिलें होतें; हजारो लोक शहर सोडून साष्टींतील मोकळ्या जागीं झोंपड्या घालून राहिले होते. १९०४ सालीं टाटा वारले आणि योजना मागें पडली. तिच्या कागदांत एक गोष्ट मात्र आरंभापासून गृहीत धरलेली होती: बेटावर सुखानें राहावयाचें असेल, तर बेटाला रस्ता हवा. रस्ता झाल्यावर तें बेट कितपत राहील, हा प्रश्न त्या काळीं कोणालाच पडला नाहीं.

जुहूला देशाच्या इतिहासांत स्थान मिळालें तें मात्र एका आजारी माणसाच्या बिऱ्हाडामुळें. १९२४ च्या जानेवारींत येरवड्याच्या तुरुंगांतून गांधीजींना पुण्याच्या ससून रुग्णालयांत आणून १२ तारखेस त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करण्यांत आली. ५ फेब्रुवारीस त्यांची सुटका झाली. प्रकृति सुधारण्यासाठीं जागा हवी होती: समुद्राची हवा असलेली, शांत, आणि तरीही मुंबईच्या डॉक्टरांना जवळ पडेल अशी. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे एक संस्थापक नरोत्तम मोरारजी यांचा जुहूस समुद्रालगत बंगला होता. मार्चच्या ११ तारखेस गांधीजी तेथें गेले आणि मेच्या अखेरीपर्यंत राहिले. पाणी, वारा, वाट आणि चूल, चारही कसोट्या येथें जमल्या होत्या.

पण ज्या शांततेसाठीं जुहू निवडलें, ती कितीशी लाभली? दर्शनास येणाऱ्यांची रीघ लागली. मोतीलाल नेहरू आणि जवाहरलाल यांनींही जुहूलाच समुद्राकांठीं एका लहानशा घरांत मुक्काम केला. जवाहरलालांना पोहावयास, धांवावयास आणि घोड्यावरून वाळूंत रपेट करावयास मिळालें, परंतु वडिलांचें येणें सुटीसाठीं नव्हतें. विधिमंडळांत जावें कीं जाऊं नये, या वादाची खलबतें मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास आणि गांधीजी यांच्यांत त्याच वाळूवर झालीं. एप्रिलांत गांधीजींनीं ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ यांचें संपादन पुन्हां हातीं घेतलें. विश्रांतीसाठीं घेतलेलें बिऱ्हाड पाहतां पाहतां राष्ट्राचें कार्यालय होऊन बसलें.

वीस वर्षांनीं तोच प्रकार पुन्हां घडला. १९४४ च्या मेमध्यें गांधीजी आगाखान राजवाड्यांतील स्थानबद्धतेंतून सुटले. महादेवभाई आणि कस्तुरबा या दोघांचेंही तेथेंच देहावसान झालें होतें, आणि त्यांचें स्वतःचें शरीर हिंवतापानें खंगलें होतें. याही वेळीं जुहूच निवडलें गेलें, आणि मोरारजींचेंच घर. त्यांनीं तेथें कांहीं दिवस मौन धरलें. पूर्वीं समुद्राच्या पाण्यानें बेटाभोंवतीं जें कुंपण घातलें होतें, तें आतां उरलें नव्हतें. म्हणून त्यांना शब्दांचें कुंपण घालावें लागलें. याच मुक्कामांत त्यांना विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ हा बोलपट दाखविण्यांत आला. बोलपटांची सृष्टि पुढें याच जुहूस घर करून राहणार होती.

त्या वीस वर्षांत जुहूचें काय झालें होतें? १९२८ सालीं तेथील सपाट मैदानावर विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले ते अहमदाबादवरून याच मैदानावर उतरले. आजोबांच्या पिढीनें ज्या वाळूवर बंगल्यांची वसाहत कल्पिली होती, तिच्याजवळ नातवांच्या पिढीनें विमान उतरविलें. समुद्र मात्र आपला हक्क विसरला नव्हता. पावसाळ्यांत तें मैदान पाण्याखालीं जाई आणि विमानांना पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. पण मधली खाडी भरत गेली, रस्ते पक्के झाले, आणि जुहू बेट होतें ही गोष्ट केवळ जुन्या नकाशांत राहिली.

हीच कथा मोठ्या प्रमाणावर साष्टीची. १९२८ सालीं विजेवर चालणारी गाडी बोरिवलीपर्यंत गेली. जेथें लोक महिनाभर हवापालटाला जात, तेथून ते रोज कचेरीला येऊं लागले. सुटीचें बिऱ्हाड कायमचें बिऱ्हाड झालें. पाणीही याच वाटेनें गेलें. १८६० सालीं विहारचें आणि १८७९ सालीं तुळशीचें, हीं दोन्ही तळीं साष्टीच्या डोंगरांतील. तीं अपुरीं पडलीं तेव्हां १८९२ सालीं तानसा आणि पुढें वैतरणेवरील मोडकसागर. बेटाच्या विहिरीवर भागणारी माणसें डोंगरांतील नद्यांवर अवलंबून राहूं लागलीं. आज साष्टीवर लक्षावधि माणसें राहतात, आणि वसईची खाडी गाडीनें ओलांडतांना आपण एका बेटावरून उतरत आहों याची जाणीव फारच थोड्यांना असते.

त्या खाडीच्या उत्तरेस वैतरणा समुद्रास मिळते, आणि तिच्या मुखापाशीं अर्नाळ्याचें बेट आहे. ज्या नदीचें पाणी वर डोंगरांत अडवून मुंबईस नेलें, तिच्याच तोंडाशीं हें लहानसें बेट अजून बेटपण राखून आहे. १७३७ सालीं मराठ्यांनीं तें घेतलें आणि तेथील किल्ला नव्यानें उभारला; बाजीराव पेशव्यांचें नांव सांगणारा शिलालेख दरवाजावर आहे. किल्ल्यांत गोड्या पाण्याचें अष्टकोनी तळें आहे. इंजिनियरांना भिंगाच्या आकाराच्या पाण्याचें गणित ठाऊक होण्यापूर्वीं त्या गवंड्यांनीं तें हातानें सोडविलें होतें, असेंच म्हणावें लागेल. कारण पाण्यावांचून तटबंदी म्हणजे नुसती कैद. किल्ल्याबाहेर कोळ्यांची वस्ती आणि कालिकामातेचें देऊळ आहे. पलीकडे जावयास पूल नाहीं, होडीच लागते. या होडीचा त्रास पाहुण्यास एक दिवस, आणि गांवकऱ्यास जन्मभर. बाळंतीण असो कीं आजारी म्हातारा असो, त्याला भरती-ओहोटीची वाट पाहावी लागते. सुटीपुरत्या आलेल्या माणसानें ‘हें असेंच राहूं द्या’ म्हणणें सोपें आहे. जो तेथें राहतो त्याला विचारल्याशिवाय तें म्हणण्याचा अधिकार पाहुण्याला नाहीं.

मग बेट राखावयाचें म्हणजे तेथील माणसांना अडचणींतच ठेवावयाचें काय? इतिहासांत याचें उत्तर एकच नाहीं, पण विचार करण्याजोगीं उदाहरणें आहेत. अटलांटिक महासागरांतील बर्म्युडा बेटावर हिंवाळ्यांतील ऊन खावयास अमेरिकेंतील धनिक जात. तेथें मोटारी येऊं लागल्या, तेव्हां पाहुण्यांनींच त्यांविरुद्ध अर्ज केला. त्यावर मार्क ट्वेन आणि पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले वूड्रो विल्सन यांच्या सह्या होत्या. १९०८ सालीं बेटावर मोटारींस बंदी झाली, ती १९४६ पर्यंत टिकली. तेथें नद्या नाहींत. प्रत्येक घराचें पांढरें छप्पर पावसाचें पाणी धरून घराखालील टाक्यांत सोडतें. पाहुण्याच्या घरालाही हाच नियम. जितकें छप्पर तितकें पाणी, आणि जितकें पाणी तितकींच माणसें, हा हिशेब तेथें भिंतींतच बांधलेला आहे.

घराजवळचें उदाहरण माथेरानचें. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं तें निवडलें. सरावलीचा मुलूखही त्याच ठाणें जिल्ह्यांतला. माथेरान डोंगर आहे, बेट नव्हे. तेथें १९०७ सालीं लहान रुळांची गाडीही गेली. पण मोटारी आजही दस्तुरी नाक्यावर थांबतात. विजेच्या रिक्षा अलीकडे आल्या, तरी गांवांतील रस्ता तांबड्या मातीचा आणि पायीं चालणाऱ्यांचा राहिला आहे. आणि मुंबई बंदरांतील घारापुरीला पर्यटकांस रात्रीं राहतांच येत नाहीं. लेणीं पाहून त्यांनीं शेवटच्या लाँचनें परतावें. गांवकऱ्यांना मात्र २०१८ सालीं समुद्राखालून तार नेऊन वीज मिळाली. गांवाला सोय आणि पाहुण्याला मर्यादा, अशी ही वांटणी आहे. डोंगर नियमानें बेटासारखा राहिला, आणि जुहू नियमावांचून शहर झालें. केवळ पाण्यानें बेट राखलें जात नाहीं, हें या दोन ठिकाणांवरून ध्यानांत येतें.

आतां सरावलीकडे परतावें. जो प्रश्न शंभर वर्षांपूर्वीं वांद्र्यास आणि जुहूस आला, तो आज या किनाऱ्यास आला आहे. २०१३ सालीं उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली आणि बोईसर मुंबईच्या रोजच्या टप्प्यांत आलें. सूर्या नदीचें पाणी नळांतून दक्षिणेस वसई-विरारपर्यंत गेलें आहे. केळवें, चिंचणी, डहाणू, बोर्डी या किनाऱ्यांवर शनिवारीं मुंबईकरांची रीघ असते, आणि चिकूच्या वाड्यांत पाहुण्यांसाठीं खोल्या निघाल्या आहेत. १९९१ सालीं डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजूक ठरवून तेथील उद्योगांवर मर्यादा घालण्यांत आल्या. त्याच तालुक्यांत वाढवण येथें ३० ऑगस्ट २०२४ रोजीं सुमारें ७६ हजार कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी झाली. त्यासाठीं समुद्रांत १,४४८ हेक्टर भराव घातला जावयाचा आहे. मच्छीमारांचा त्यास विरोध आहे, आणि रोजगाराची आशा धरणारेही आहेत. पूर्वजांनीं भराव घालून बेटें जोडलीं. आतां भराव घालून समुद्रांत नवी जमीनच निर्माण होणार. तिच्यावरून पुढील पिढी कोणत्या किनाऱ्याकडे हवापालटासाठीं पाहील, हें आज कोण सांगणार?

तोंपर्यंत वैशाख येतच राहणार आणि सरावलीच्या घरांत मुलें बेटाचा हट्ट धरणारच. तो पुरवावा. जागा पाहतांना जुन्या माणसांचे चारही प्रश्न जरूर विचारावे: पाणी कोठलें, वारा कोठून, वाट कशी, आणि चूल कोणाची. त्यांना पांचव्या प्रश्नाची जोड द्यावी. जेथें आपलें आठ दिवसांचें बिऱ्हाड पडणार, तेथील विहिरीवर आधीं किती घागरी भरतात, आणि आपली घागर बुडविल्यावर शेजारणीची घागर गोड्या पाण्यानें भरेल कीं नाहीं? परळच्या गव्हर्नरांनीं हा प्रश्न विचारला नाहीं, वांद्र्याच्या बंगलेवाल्यांनीं विचारला नाहीं, आणि जुहूच्या पांचशें तुकड्यांच्या योजनेंतही त्याला जागा नव्हती. म्हणूनच त्यांचीं बेटें आज नकाशावर शोधावीं लागतात. हा प्रश्न विचारून जो होडींत पाय ठेवील, त्याच्या नातवंडांनाही कदाचित् तीच होडी आणि तेंच बेट मिळेल.